सांडपाणी साऱ्या गावाचं, डबकं एका वस्तीचं

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. इथे विहीर खणा नाहीतर बोअर मारा, पाणी खारंच लागतं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. म्हणून प्यायचं पाणी लांबच्या धरणावरून प्रादेशिक योजनेच्या नळाने येतं, आणि तेही रोज येत नाही. मी ज्या प्रकरणाबद्दल लिहिते आहे ते वरवर पाहता एका नालीचं आहे. पण नळाचं पाणी इथे कसं येतं हे ध्यानात घेतल्याशिवाय त्या नालीचं दुखणं कळत नाही, म्हणून सुरुवात पाण्यापासून.

गाव दोनेक हजार लोकवस्तीचं. जुनं गाव पांढरीच्या उंचवट्यावर, उतार पूर्वेला नाल्याकडे. उतारावर सगळ्यात खाली साठेक घरांची बौद्ध वस्ती आणि तिला लागून घरकुलांची ओळ. घरकुलांत भोई, मातंग आणि थोडी कुणबी कुटुंबंही आहेत. मी या भागात महिला बचत गटांसोबत काम करते. वस्तीतल्या दोन गटांच्या बैठकांना जाणं असल्यामुळे हे प्रकरण जवळून पाहता आलं. मी वस्तीच्या बाजूची आहे, हे आधीच सांगून ठेवते. गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही, कारण यातल्या सगळ्यांना उद्याही त्याच गावात एकमेकांच्या समोर राहायचं आहे.

डबकं कसं तयार झालं

गावातले रस्ते ज्या त्या योजनेतून सिमेंटचे होत गेले. जुना थर खोदून काढायचा नाही, त्यावरच नवा ओतायचा, अशी पद्धत. प्रत्येक थरागणिक रस्ता वर आला आणि खालच्या घरांचे उंबरठे रस्त्याखाली गेले. नालीही अशीच तुकड्यातुकड्यांनी झाली. एका वर्षी बाजारगल्लीचा तुकडा, दुसऱ्या वर्षी शाळेजवळचा, मग वरच्या पुऱ्याचा. शेवटचा तुकडा वस्तीच्या तोंडाशी येऊन थांबला. तिथून नाला तीनशे पावलांवर आहे, पण तेवढं काम कुणाच्याच आराखड्यात बसलं नाही. वरच्या सगळ्या घरांचं आंघोळीचं, भांड्याचं, गोठ्याचं पाणी त्या तोंडाशी येऊन साचू लागलं. पावसाळ्यात ते टोंगळ्याइतकं चढायचं, आणि उन्हाळ्यातही डबकं कधी कोरडं पडलं नाही.

त्या डबक्याच्या कडेलाच पाणीपुरवठ्याच्या पाइपलाइनचा व्हॉल्व्ह आहे. आणि आता नळाकडे या. पाण्याला जोर नसतो. जमिनीवरच्या तोटीपर्यंत ते चढतच नाही. म्हणून लोक दारासमोर कमरेइतका खड्डा खणतात, पाइप जमिनीखालीच तोडून तिथे तोटी बसवतात आणि पाणी आलं की बाई खड्ड्यात उतरून गुंडी भरून वर देते. अकोला-अमरावतीकडे खारपाणपट्ट्यात फिरलेल्या कुणालाही हे खड्डे नवे नाहीत. वस्तीतल्या खालच्या अंगाच्या सोळा घरांचे खड्डे डबक्याच्या पातळीत होते. पाऊस झाला की डबक्याचं पाणी पाझरून त्यांत उतरायचं. नळ बंद असताना ती उघडी तोटी काळ्या पाण्यात बुडालेली असायची, आणि पुढे पाणी सुटलं की आधी तेच आत ओढलेलं पाणी बाहेर यायचं. वरच्या अंगाला कुणी टिल्लू पंप लावला की ओढ आणखी वाढायची. बाया पहिल्या दोन गुंड्या फेकून द्यायच्या आणि तिसरी प्यायला भरायच्या. एका आजींनी मला तो हिशोब समजावला होता, "पयली गुंडी नालीची, दुसरी अर्धी-अर्धी, तिसरी आपली."

पहिलं निवेदन

पहिलं निवेदन दिलं वस्तीतल्या तरुण मंडळींनी, श्रावणात. संगणकावर टाइप केलेलं, सह्या शंभरावर. त्यात नाली होती, पथदिवे होते, स्मशानभूमीचं शेड, समाजमंदिराची दुरुस्ती, घरकुलाच्या यादीतली सुटलेली नावं, अंगणवाडीचं छत आणि बसथांबा. सरपंचबाईंच्या हाती कागद देतानाचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. पोच मात्र कुणी घेतली नाही. आवक नोंदवहीत त्याची नोंद झाली नव्हती, हे पुढे कळलं.

त्या कागदाचं काय झालं हे सांगण्यासारखं फारसं नाही. काहीच झालं नाही. पण ते का झालं नाही, यावर विचार करण्यासारखं आहे. एका कागदावर सात मागण्या असल्या की त्या सात वेगवेगळ्या टेबलांच्या असतात. घरकुलाची यादी वेगळ्या निकषांवर चालते, अंगणवाडी महिला व बालकल्याण विभागाकडे, बसथांबा आणखी तिसरीकडे. ग्रामपंचायतीला खरोखर लगेच करता येण्याजोगी त्यात एकच गोष्ट होती आणि ती इतर सहांच्या गर्दीत हरवली. शिवाय नालीबद्दलची ओळ अशी होती, "आमच्या वस्तीत नाली बांधून मिळावी." तिला तोंडी उत्तर तयार होतं, दलितवस्ती सुधारणेचा निधी आला की करू.

हे उत्तर वाईट हेतूने दिलं गेलं असं मी म्हणत नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना आहे, समाजकल्याण विभागामार्फत तिचा निधी येतो, आणि गावोगावच्या पंचायतींना सवयच लागली आहे की वस्तीचं काम म्हटलं की त्या निधीची वाट पाहायची. राज्यभर ही सवय आहे आणि ती मला अन्यायाची वाटते. गावाचा सर्वसाधारण निधी वस्तीचाही असतो. वेगळी योजना ही त्याच्या जोडीला असते, त्याच्या बदल्यात नसते.

मंडळींनी मग तालुका लोकशाही दिन, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकून घेण्याचा सरकारी दिवस, गाठला. तो महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो. तिथे अर्ज परत आला, कारण लोकशाही दिनात तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते. शंभर सह्यांचा सामूहिक अर्ज तिथे चालत नाही. ज्या सह्यांच्या जोरावर माणसं गेली होती त्या सह्यांमुळेच अर्ज बाद झाला, याचं पोरांना फार लागलं. त्यांचा उत्साह तिथेच मावळला. पंचायत समितीच्या सदस्याला धरावं तर तेव्हा तिथे प्रशासक होते, निवडून आलेला सदस्यच नव्हता.

बायांनी काम हाती घेतलं

कार्तिकात वस्तीत तापाची साथ आली, लहान मुलांना जुलाब झाले. बचत गटाच्या बैठकीत कर्जाच्या हप्त्यांऐवजी डबक्यावरच बोलणं सुरू झालं. गटाच्या अध्यक्ष काकूंचा स्वभाव मोजकं बोलण्याचा. त्या म्हणाल्या, "आपन दरवेळी म्हनतो आमची नाली, आमची नाली. पानी तं आमचं नाहीच. वरून येते. आमी फक्त झेलतो. मंग ते आमचं काऊन म्हनाचं?"

या प्रकरणात जे काही पुढे सरकलं ते या प्रश्नापासून सरकलं, असं माझं ठाम मत आहे.

बारावीतल्या एका मुलीने नकाशा काढला. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूला, पेन्सिलने. नळ येण्याच्या दिवशी ती आणि तिची मैत्रीण सकाळपासून नालीकाठाने वर चालत गेल्या आणि कोणत्या गल्लीचं पाणी कुठे मिळतं ते बाणांनी दाखवत गेल्या. बाजारगल्ली, शाळेचा हात धुण्याचा हौद, दोन मोठे गोठे, पिठाची गिरणी, खुद्द ग्रामपंचायतीच्या इमारतीमागचा पाइप. सगळे बाण एकाच ठिकाणी येऊन थांबत होते. आमच्यातल्या बऱ्याच जणी आयुष्यभर त्याच गावात राहिलेल्या, पण गाव असं एका कागदावर कुणी पाहिलं नव्हतं.

दुसरं काम केलं आशाताईंनी. त्यांनी आणि जलसुरक्षकाने मिळून खालच्या अंगाच्या नळाचा नमुना घेतला आणि प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल आला, पिण्यास अयोग्य. त्या एका ओळीमुळे प्रकरणाची जात बदलली. नाली तुंबणं ही गैरसोय मानली जाते. नळाचं पाणी पिण्यास अयोग्य असल्याचा लेखी अहवाल आला की ग्रामपंचायतीला त्यावर काहीतरी करावंच लागतं, कारण पाण्याच्या स्रोतांच्या तपासणीवरून तिला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं आणि लाल कार्डाची विचारणा वरून होते.

तिसरं काम पैशाचं. पंधराव्या वित्त आयोगाचा जो निधी २०२१ ते २०२६ या वर्षांसाठी ग्रामपंचायतींना होता, त्यातला ६० टक्के बंधित होता, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्चायचा. त्यातला निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित. सांडपाण्याचं काम बंधित निधीत सरळ बसत होतं. शिवाय स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला सांडपाणी व्यवस्थापनासाठी माणशी २८० रुपये धरलेले होते, त्यातला ३० टक्के वाटा वित्त आयोगाच्या निधीतून घालायचा होता. दोन हजारांच्या गावाला म्हणजे साडेपाच लाखांच्या घरात. तीनशे पावलांच्या नालीसाठी दलितवस्तीच्या निधीची वाट पाहण्याचं काहीच कारण नव्हतं.

गावाच्या आराखड्यात कोणतं काम कोणत्या निधीतून धरलं आहे हे ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कुणालाही दिसतं, हे त्या मुलीनेच शोधून दाखवलं. प्रत्यक्ष खर्चाच्या कागदांसाठी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. अर्ज एका काकूंच्या नावाने गेला. माहिती मुदतीत आली नाही, पहिलं अपील करावं लागलं, मग आली. स्वच्छतेच्या पैशातून कचराकुंड्या घेतल्या होत्या आणि काही रक्कम शिल्लक होती. गैरव्यवहार असा काही सापडला नाही. ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवते, कारण गावात लगेच "यांनी सरपंचबाईंवर चौकशी लावली" अशी कुजबुज सुरू झाली होती. काकूंनी सरपंचबाईंच्या घरी जाऊन कागद दाखवले आणि सांगितलं की आम्हाला फक्त शिल्लक किती ते पाहायचं होतं. त्या भेटीचा उपयोग पुढे झाला.

दुसरं निवेदन एका पानाचं होतं. त्यातला मुख्य भाग असा:

"आमच्या वस्तीच्या तोंडाशी जे पाणी साचते ते बाजारगल्ली, शाळा व वरच्या पुऱ्यातील घरांचे सांडपाणी आहे. सोबत नकाशा जोडला आहे. सदर नाली एका वस्तीची नसून संपूर्ण गावाची आहे. तिचे शेवटचे टोक अपूर्ण असल्यामुळे पाणीपुरवठ्याचा व्हॉल्व्ह व सोळा घरांचे नळ दूषित होत आहेत. पाणी तपासणी अहवाल सोबत जोडला आहे. तरी नाल्यापर्यंतचे काम वित्त आयोगाच्या बंधित निधीतून घेण्याबाबतचा विषय येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, ही विनंती."

पोच घेतली. शिक्का, तारीख, आवक क्रमांक.

ग्रामसभा

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. नोव्हेंबरची सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही आणि तिथे मूळ नोटिशीवरचेच विषय घेतात. आपला विषय नोटिशीवर नाही, म्हणून तो घेता येणार नाही, असं उत्तर मिळालं. नियमाने ते बरोबर होतं. त्यामुळे २६ जानेवारीच्या सभेची नोटीस निघण्याआधी दुसरं निवेदन दाखल झालेलं असणं महत्त्वाचं होतं. सभेची सूचना सात दिवस आधी निघते, त्याच्याही बरेच आधी कागद पोचला. जानेवारीची वेळही मोक्याची होती, कारण पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा २ ऑक्टोबरपासून सुरू होणाऱ्या जनयोजना अभियानात याच काळापर्यंत तयार होतो. फेब्रुवारीत कितीही सुंदर निवेदन दिलं असतं तरी ते पुढच्या वर्षावर गेलं असतं.

मध्येच घरपट्टीचा मुद्दा निघाला. एका सदस्याने चारचौघांत सुनावलं, "आधी घरपट्टी भरा, मंग नाली मागा." ग्रामसभेत बोलायचा हक्क घरपट्टीच्या पावतीवर अवलंबून नाही. मतदार यादीत नाव असलं की पुरे. पण बायांनी त्यावर वाद घातला नाही. ज्यांना शक्य होतं त्यांनी थकबाकी भरली, काहींनी गटातून उचल घेऊन भरली. सभेच्या दिवशी पावत्यांची चळत पिशवीत होती. ती काढायची वेळ आली नाही, पण त्या सदस्यानेही तो विषय पुन्हा काढला नाही. मला स्वतःला हे तेव्हा पटलं नव्हतं, आजही पूर्ण पटत नाही. हक्काच्या गोष्टीसाठी गरिबाने आधी स्वतःची पात्रता सिद्ध का करावी? पण निर्णय त्यांचा होता.

आदल्या दिवशी महिला सभा झाली. नियमित ग्रामसभेआधी ती घ्यावी लागते. बहुतेक गावांत ती सह्यांपुरती असते. इथे वरच्या पुऱ्यातल्या बायाही आल्या आणि त्यांनी पहिल्यांदा खालचे नळाचे खड्डे जाऊन पाहिले. त्यांच्यातल्या एकीने तिथेच ठरावाला अनुमोदन दिलं. हे पुरुषांच्या सभेत झालं असतं असं मला वाटत नाही.

मुख्य सभेत खरा पेच अनपेक्षित बाजूने आला. नाली नाल्यापर्यंत न्यायची तर ती एका शेतकऱ्याच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जाणार होती. ते उठले. आवाज चढलेला, पण बोलणं मुद्द्याचं.

"तुमची नाली माह्या धुऱ्यावरून नेता. उद्या फुटली तं माहं वावर चिबडते. माही विहीर तिथंच हाये, ढोरांले मी तेच पानी पाजतो. विहिरीत हे पानी उतरलं तं मी कोनाले निवेदन देऊ?"

सभेत गलका झाला. कुणीतरी म्हणालं, बघा, यालाच विरोध आहे. वस्तीतल्या पोरांपैकी दोघेजण उभे राहिले. काकूंनी त्यांना हाताने खाली बसवलं.

"काका, तुमच्या वावरात घान सोडाची आमची बी इच्छा नाही," त्या म्हणाल्या. "आमी इतकी वर्सं झेललं, ते आता तुमाले कायले झेलाले लावू? तुमी सांगा कसं न्याचं. तुमी म्हनान तसं लिहू."

त्या शेतकऱ्याचा आक्षेप खरा होता. डबकं एका दारातून उचलून दुसऱ्याच्या धुऱ्यावर नेऊन ठेवणं हा उपाय नव्हता. कुणीतरी प्रत्येक घराला शोषखड्ड्याचा जुना तोडगा सुचवला. तो गावात एका मोहिमेत करून झाला होता. ही भारी काळी माती. उन्हाळ्यात तिला हात घालता येईल अशा भेगा पडतात, आणि एकदा भिजली की ती फुगते आणि पाणी खाली सोडतच नाही. मुरमाड जमिनीत उत्तम चालणारा शोषखड्डा इथे महिन्या-दोन महिन्यांत काठोकाठ भरतो. हे त्या शेतकऱ्यानेच सभेला सांगितलं. जमिनीची जाण तिथे त्यांच्याइतकी कुणालाच नव्हती. मग त्यांच्याच बोलण्यातून मार्ग निघाला: वस्तीच्या तोंडाशी गाळ खाली बसायला टाकी, तिथून धुऱ्याच्या बाजूने उघडी नाली नाही तर बंद सिमेंट पाइप, आणि पाइपचं तोंड त्यांच्या विहिरीच्या खालच्या अंगाला नाल्यात. त्यांनी अट घातली की हे सगळं ठरावात शब्दाला शब्द लिहिलं पाहिजे.

इथे मला या प्रकरणातला सर्वात महत्त्वाचा क्षण दिसतो, आणि तो नंतरच्या सत्काराच्या फोटोंत नाही. सभा संपत आली, सचिवांनी प्रोसिडिंग लिहिलं आणि सह्यांसाठी पुढे केलं. काकू म्हणाल्या, वाचून दाखवा. त्यात लिहिलं होतं, "वस्तीतील सांडपाण्याच्या समस्येवर सविस्तर चर्चा झाली." एवढंच. दोन तासांचा वाद, शेतकऱ्याची अट, निधीचा मुद्दा, सगळं त्या एका वाक्यात बुडालं होतं.

"चर्चा झाली, मंग ठरलं काय?" त्यांनी विचारलं.

सचिवांनी सांगितलं की पुढे सविस्तर लिहून घेऊ. त्यांच्याकडे दोन गावांचा कारभार होता आणि दुसऱ्या गावची सभा वाट पाहत होती, हेही खरं. पण काकू उठल्या नाहीत आणि त्यांच्यासोबत तो शेतकरीही उठला नाही, कारण त्यालाही त्याची अट कागदावर हवी होती. सरपंचबाईंनी मग सचिवांना तिथेच लिहायला सांगितलं. पहिल्याच मुदतीच्या सरपंच त्या. सभेत तोवर फारशा बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "लिहून घ्या साहेब. थांबू आपन." ठराव लिहिला गेला. क्रमांक पडला, सूचक म्हणून काकूंचं नाव, अनुमोदक म्हणून त्या शेतकऱ्याचं. कामाचं वर्णन, निधीचं शीर्ष, पाइपचं तोंड कुठे सोडायचं, सगळं.

मी अनेक गावांत पाहिलं आहे की लोक महिनोन्महिने निवेदनं देतात आणि त्यांच्या हातात पोचेचे कागद साठत जातात. निवेदन म्हणजे विनंती. तिच्यावर कारवाई करायला कुणी बांधलेलं नसतं. ग्रामसभेच्या इतिवृत्तात क्रमांक पडलेला ठराव मात्र आराखड्यात का घेतला नाही याचं कारण द्यावं लागतं. वस्तीच्या पहिल्या आणि दुसऱ्या प्रयत्नात जर कुठला फरक असेल तर तो इथे आहे.

काम

पुढचे महिने अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता आणि पाठपुराव्यात गेले. ठरावाची प्रत गटविकास अधिकाऱ्यांकडे गेली, अभियंते येऊन मोजून गेले, अंदाजपत्रकात पाइपऐवजी उघडी नाली आली, ठराव दाखवून ती बदलून घेतली. यात सांगण्याजोगं एवढंच की प्रत्येक वेळी ठरावाची झेरॉक्स पुढे ठेवली की बोलणं लवकर संपायचं. आणि दर वेळी वस्तीच्या बाईसोबत तो शेतकरीही तालुक्याला जात होता. दोघं वेगवेगळ्या कारणांनी जात होते, पण टेबलापलीकडच्या माणसाला गावात दोन तट आहेत असं म्हणायला जागा उरली नाही.

मे महिन्यात खोदकाम सुरू झालं. काळ्या मातीवर थेट काँक्रीट टाकलं की दोन पावसाळ्यांत ते उलतं, कारण खालची माती फुगते आणि आकसते. म्हणून तळाशी मुरमाचा थर अंदाजपत्रकात धरला होता. ठेकेदाराने सुरुवातीच्या तुकड्यात तो फारच पातळ टाकला. बाया दुपारी तिथेच निंबाखाली बसायच्या. एकीने काडी घालून थर मोजला आणि काम थांबवायला लावलं. घरकुलांतल्या एका गवंडी दादाने पाणी भरलेली पारदर्शक नळी आणून नालीचा उतार ठिकठिकाणी तपासला. एका जागी तळ उलटा चढत होता. तो तुकडा फोडून पुन्हा केला. तिथे कुणी नसतं तर त्या जागी नवं डबकं झालं असतं, आणि मोजमाप पुस्तिकेत काम पूर्ण म्हणून नोंद झाली असती.

पावसाळ्याआधी पाइप नाल्यापर्यंत पोचला.

आजची स्थिती

त्या पावसाळ्यात वस्तीच्या तोंडाशी पाणी साचलं नाही. जोराच्या पावसात काही वेळ चढलं आणि उतरलं. व्हॉल्व्हभोवती सिमेंटचा चौकोन बांधला आहे. फेरतपासणीत नमुना पिण्यास योग्य आला. शेतकऱ्याच्या विहिरीत पाणी उतरलं नाही, तो दर आठवड्याला पाहतो.

नळाचे खड्डे मात्र आहेत तसेच आहेत. पाण्याचा जोर वाढवणं ग्रामपंचायतीच्या हातात नाही, ते प्रादेशिक योजनेचं काम आहे. त्यासाठी वेगळा अर्ज जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाकडे गेला आहे. त्यात फक्त नळाच्या जोराबद्दल लिहिलं आहे, दुसरं काही नाही. पथदिव्यांसाठी तिसरा कागद आहे. पहिल्या निवेदनातल्या उरलेल्या सहा मागण्या आता सहा ठिकाणी, सहा आवक क्रमांकांनी पडून आहेत. त्यातल्या अंगणवाडीच्या छताचं काम मंजूर झालं आहे.

नवा वाद गाळाच्या टाकीवरून आहे. टाकीतला गाळ वर्षातून काही वेळा काढावा लागतो. ग्रामपंचायतीत सहजपणे धरून चालले होते की वस्तीतलाच कुणीतरी मजुरीवर तो काढेल. काकूंनी मासिक सभेत जाऊन हरकत घेतली. पाणी साऱ्या गावाचं आहे हे एकदा ठरावात मान्य झालं, मग गाळही साऱ्या गावाचा. तो काढायचं काम यंत्राने करावं, नाहीतर ठरलेल्या दराने गावातल्या कुणाही इच्छुकाला द्यावं, आणि कुणाच्या जातीकडे पाहून सांगू नये, असं त्यांनी लेखी दिलं. या कागदावर वरच्या पुऱ्यातल्या पाच बायांच्या आणि त्या शेतकऱ्याच्या सह्या आहेत. दोन सदस्यांना हे पटलेलं नाही, आणि त्यांनी ते उघडपणे सांगितलं आहे.

हा विषय येत्या ग्रामसभेच्या नोटिशीत तिसऱ्या क्रमांकावर आला आहे.